स्टीव्ह केर, गार्ड आणि कोच: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोल्डन स्टेट वॉरियर्सचा हा कोच रागाच्या भरात हातातला क्लिपबोर्ड आपटून मोडतो आणि पत्रकारांसमोर आला की स्वतःवरच विनोद करतो. सकाळी सहा-साडेसहाला उठून एनबीए (अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग) बघणाऱ्या नव्या मंडळींना तो स्टेफ करीचा कोच म्हणून माहीत आहे. चाळिशी ओलांडलेल्यांना आठवतो तो मायकेल जॉर्डनच्या शिकागो बुल्समधला सोनेरी केसांचा नेमबाज. दोन्हीकडून येणारे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत. तिथे मला राहवलं नाही.

नावाचा उच्चार नेमका काय? केर, कर की केरर?

इंग्रजी उच्चार ‘कर’च्या जवळ जातो, फक्त मधला ‘अ’ जरा लांबवायचा. पण मराठीत ‘केर’ रुळलंय, म्हणून इथेही तेच. झाडूवरचा विनोद थोडा आवरून धरा. २०१८च्या फायनलपाशी तो आपोआप येणार आहे.

फार वेळ नाही. दोन ओळींत सांगा ना?

जन्म २७ सप्टेंबर १९६५, उंची सहा फूट तीन इंच, जागा गार्डची (बॉल सांभाळत बाहेरून खेळणाऱ्याची). अ‍ॅरिझोना विद्यापीठातून १९८८ मध्ये एनबीएत आला आणि १५ हंगाम खेळला: फिनिक्स, क्लीव्हलँड, ओरलँडो, शिकागो, सॅन अँटोनियो, पोर्टलँड आणि परत सॅन अँटोनियो. त्यात ५ विजेतेपदं. मग टीव्हीवर समालोचन, फिनिक्सचा जनरल मॅनेजर, पुन्हा समालोचन आणि २०१४ मध्ये वॉरियर्सचा मुख्य कोच. कोच म्हणून ४ विजेतेपदं: २०१५, २०१७, २०१८ आणि २०२२. शिवाय २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकचं सुवर्ण. दोन ओळींच्या चार झाल्या, पण त्याला इलाज नाही.

अमेरिकन माणसाचा जन्म बैरुतमध्ये कसा?

आजोबा-आजींमुळे. स्टॅन्ली आणि एल्सा केर पहिल्या महायुद्धानंतर आर्मेनियन निर्वासितांसाठी आणि अनाथ मुलांसाठी काम करायला त्या भागात गेले आणि पुढे बैरुतमध्ये राहिले. स्टॅन्ली तिथल्या अमेरिकन विद्यापीठात बायोकेमिस्ट्री शिकवत. त्यांचा मुलगा माल्कम बैरुतमध्येच जन्मला आणि अरब राजकारणाचा नावाजलेला अभ्यासक झाला. स्टीव्ह हा माल्कम यांचा मुलगा. त्याचं लहानपण थोडं लॉस एंजेलिसमधल्या पॅसिफिक पॅलिसेड्समध्ये, थोडं कैरोत, थोडं वडिलांचं काम नेईल तिथे गेलं. घरात चर्चा पश्चिम आशियाच्या, आणि या पोराचं डोकं मात्र बॉलमध्ये.

वडिलांची हत्या झाली होती, हे खरं का?

खरं आहे. १९८२ मध्ये माल्कम केर बैरुतच्या अमेरिकन विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. लेबनॉनमध्ये तेव्हा यादवी पेटलेली. १९८३ च्या ऑगस्टमध्ये स्टीव्ह सुट्टीत आई-वडिलांकडे गेला होता. परत निघाला तर विमानतळावर तोफगोळे पडायला लागले. शेवटी गाडीने सीरियातून जॉर्डन गाठलं आणि तिथून तो अमेरिकेला पोचला. पुढच्या १८ जानेवारीला, १९८४ साली, विद्यापीठातल्या ऑफिसबाहेर दोन बंदूकधाऱ्यांनी माल्कम यांना गोळ्या घातल्या. ते ५२ वर्षांचे होते.

अ‍ॅरिझोना विद्यापीठाच्या टक्सनमधल्या वसतिगृहात रात्री फोन वाजला तेव्हा स्टीव्ह १८ वर्षांचा होता, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. दोनच दिवसांनी अ‍ॅरिझोना स्टेटविरुद्ध मॅच होती. त्याने खेळायचं ठरवलं. मॅचआधी सगळं स्टेडियम उभं राहून मौन पाळत होतं आणि तो रडत होता. मग बाकावरून उतरला, पहिलाच शॉट लांबून घेतला आणि तो आत गेला. त्या रात्री त्याने १२ गुण केले.

चार वर्षांनी, १९८८ च्या फेब्रुवारीत, त्याच अ‍ॅरिझोना स्टेटच्या मैदानावर तो मॅचआधी शॉट मारत होता. प्रेक्षकांतल्या एका टोळक्याने ‘पीएलओ, पीएलओ’ (पॅलेस्टाइन मुक्ती संघटना) आणि ‘बैरुतला परत जा’ असं ओरडायला सुरुवात केली. तो जाऊन बाकावर बसला, डोळ्यांत पाणी. मग मॅच सुरू झाली आणि त्याने पहिल्या हाफमध्येच सहा थ्री (लांबून मारलेले तीन गुणांचे फटके) टाकल्या.

हा काही फार मोठा खेळाडू नव्हता. मग १५ वर्षं टिकला कसा?

प्रश्न रास्त आहे. तो वेगवान नव्हता, उड्या मारणारा नव्हता, डिफेन्समध्ये समोरचा त्याला शोधून काढायचा. शाळा संपली तेव्हा मोठ्या विद्यापीठांनी विचारलंही नव्हतं. अ‍ॅरिझोनात नुकत्याच आलेल्या ल्यूट ओल्सन या कोचने उन्हाळा सरता सरता जागा दिली. १९८६ मध्ये स्पेनमधल्या जागतिक स्पर्धेत अमेरिकेकडून खेळताना ब्राझीलविरुद्धच्या उपांत्य सामन्यात गुडघ्याचे लिगामेंट फाटले. टीमने सुवर्ण जिंकलं आणि केरचा कॉलेजचा पुढचा अख्खा हंगाम बुडाला.

परत आला तो १९८७-८८ मध्ये, तीन गुणांच्या फटक्यांत ५७.३ टक्के नेम घेऊन. टीम ३५ मॅच जिंकली, फायनल फोरला (कॉलेज स्पर्धेच्या उपांत्य फेरीला) पोचली आणि तिथे ओक्लाहोमाविरुद्ध याच नेमबाजाचे १३ पैकी ११ शॉट चुकले. ड्राफ्टमध्ये (नवे खेळाडू निवडायच्या फेऱ्यांत) फिनिक्सने त्याला ५० व्या क्रमांकावर घेतलं, म्हणजे उरलासुरला.

एनबीएत तो ९१० मॅच खेळला आणि त्यांतल्या जेमतेम ३० मध्ये सुरुवातीच्या पाचात होता. कारकिर्दीची सरासरी ६ गुण. ज्या हंगामात सगळ्यात जास्त गुण केले, त्याची सरासरी ८.६. पण कोच त्याला ठेवून घेत, कारण चाळीस मिनिटं बसवून ठेवलेल्या माणसाला अचानक आत पाठवलं की तो पहिलाच शॉट टाकायचा. शाळेच्या सिमेंटच्या कोर्टावर राखीव म्हणून वर्षं काढलेली असतील तर हे किती अवघड असतं ते तुम्हाला माहीत असेल. अंग थंड पडलेलं, तळहाताला घाम, आणि आत गेल्यावर बॉल दगडासारखा लागतो. मी स्वतः दोन हंगामांत तसे तीन शॉट घेतले होते. तिन्ही हवेत.

केरबद्दल माझं म्हणणं एवढंच आहे की त्याचं कोच होणं या बाकावर सुरू झालं. पुढच्या बऱ्याच उत्तरांत ते डोकावेल.

४५.४ टक्के म्हणजे तो करीपेक्षा चांगला नेमबाज का?

नाही, आणि तो स्वतःही तसं म्हणणार नाही. कारकिर्दीतल्या तीन गुणांच्या टक्केवारीत ४५.४ हा एनबीएतला सर्वोच्च आकडा आहे, हे खरं. पण त्याच्या थ्री १५ हंगामांत मिळून ७२६. करीने २०१५-१६ च्या एका हंगामात ४०२ मारल्या. केर मॅचमागे दोनपेक्षा कमी थ्री घ्यायचा, त्याही मोकळ्या असताना. करीवर दोन-दोन माणसं धावून येतात. आणखी एक गोम आहे. १९९४-९५ मध्ये केरने ५२.४ टक्क्यांचा हंगामी विक्रम केला, त्याच वर्षी लीगने थ्रीची रेषा जवळ आणली होती. तरी विक्रम तो विक्रम, आणि १५ वर्षं टिकला.

मायकेल जॉर्डनने त्याला खरंच ठोसा मारला होता?

हो. १९९५ च्या हंगामाआधीचा सराव. जॉर्डन बेसबॉल सोडून परत आलेला, आधीच्या प्लेऑफमध्ये (हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत) हरलेला आणि सगळ्यांवर तोंड टाकत सुटलेला. केरने उलट उत्तर दिलं. धक्काबुक्की झाली आणि केरचा डोळा काळा-निळा. फिल जॅक्सनने जॉर्डनला सरावातून बाहेर काढलं. त्याच दिवशी जॉर्डनने फोन करून माफी मागितली. त्यानंतर दोघांचं जमलं, आणि केर आजही सांगतो की त्या भांडणाने जॉर्डनचा आपल्यावर विश्वास बसला.

दोघांनीही वडील बंदुकीला गमावले होते. जॉर्डनच्या वडिलांची हत्या १९९३ मध्ये झाली. केर सांगतो की या विषयावर दोघं कधी एकमेकांशी बोलले नाहीत.

१९९७ च्या फायनलमधला ‘तो’ शॉट कोणता?

१३ जून १९९७, शिकागो, युटा जॅझविरुद्ध सहावी मॅच. आपल्याकडे चौदा तारखेची सकाळ. ८६-८६ अशी बरोबरी, अर्धं मिनिटही उरलेलं नाही, टाइमआउट. सगळ्या जगाला माहीत होतं बॉल कुणाकडे जाणार. जॉर्डन बाकावर बसून घोटभर पाणी पितो आणि शेजारच्या केरला सांगतो की युटाचा स्टॉकटन तुला सोडून माझ्या अंगावर येईल, तयार राहा. केर म्हणतो, आला तर मी तयार आहे. कॅमेऱ्याने हे टिपलं आहे.

पुढे अगदी तसंच घडलं. जॉर्डन डावीकडून आत शिरला, स्टॉकटन खेचला गेला, बॉल फ्री थ्रोच्या रेषेजवळ उभ्या केरकडे आला आणि सतरा फुटांवरून त्याने तो सोडला. पाच सेकंद बाकी, ८८-८६. युटाचा पास शिकागोच्या पिपेनने हाताने अडवला, कुकोचने डंक मारला आणि ९०-८६ वर विजेतेपद.

विजयाच्या सभेत केरने हाच प्रसंग रंगवून सांगितला: जॉर्डनला अशा वेळी शॉट मारायला संकोच वाटतो, म्हणून मलाच त्याला परत एकदा सांभाळून घ्यावं लागलं. बाजूला जॉर्डन हसून लोटपोट.

पुढे सॅन अँटोनियोला का गेला?

१९९८ नंतर बुल्स मोडली. ग्रेग पॉपोविच कोच असलेल्या सॅन अँटोनियो स्पर्सने त्याला घेतलं आणि १९९९ मध्ये तेही जिंकले, म्हणजे केरच्या बोटांत सलग चौथ्या वर्षी विजेत्यांना मिळते ती अंगठी. मधलं एक वर्ष पोर्टलँडला काढून तो परत आला, २००३ ला पाचवी अंगठी घेतली आणि थांबला. कोच होण्याच्या दृष्टीने बघाल तर हा माणूस नोकरीच्या नावाखाली शिकवणी लावून बसला होता: ओल्सन, क्लीव्हलँडला लेनी विल्किन्स, मग फिल जॅक्सन, मग पॉपोविच.

एका दिवसाचाही अनुभव नसताना थेट मुख्य कोच कसा झाला?

आधी फिनिक्सबद्दल बोलू, कारण लोक ते विसरतात. २००७ ते २०१० तो फिनिक्स सन्सचा जनरल मॅनेजर होता, आणि तिथला त्याचा हिशेब काही फार स्वच्छ नाही. स्टीव्ह नॅश आणि माइक डी’अँटोनीच्या वेगवान टीममध्ये त्याने २००८ च्या फेब्रुवारीत वजनदार शकील ओनीलला आणलं आणि शॉन मॅरियनला जाऊ दिलं. टीमचा तालच गेला. डी’अँटोनी न्यूयॉर्कला गेला, त्याच्या जागी आणलेल्या टेरी पोर्टरला अर्ध्या हंगामात काढावं लागलं. अल्विन जेन्ट्रीच्या हाताखाली २०१० मध्ये टीम परिषदेच्या (लीगच्या अर्ध्या भागाच्या) फायनलपर्यंत गेली, एवढं समाधान.

मग परत टीव्ही. समालोचन करता करता तो टिपणं काढत होता. कोच व्हायचं असेल तर डोक्यातलं सगळं कागदावर उतरव, असा सल्ला त्याला जेफ व्हॅन गंडीने दिला होता. सराव कसा घ्यायचा, कुठला डाव कुणाकडून उचलायचा, असा मोठा साठा जमला. २०१४ मध्ये न्यूयॉर्क निक्समध्ये बसलेला फिल जॅक्सन त्याला बोलावत होता. गुरूला नाही म्हणणं सोपं नव्हतं. पण घर कॅलिफोर्नियात, आणि वॉरियर्सकडे करी, क्ले थॉम्पसन, ड्रेमंड ग्रीन अशी तरणी टीम. मे महिन्यात त्याने वॉरियर्सशी पाच वर्षांचा करार केला.

म्हणजे मार्क जॅक्सनने शिजवलेलं आयतं ताटात आलं?

अर्धं खरं. मार्क जॅक्सन, तोही जुना पॉइंट गार्डच, ५१ मॅच जिंकून देऊन नोकरी गमावून बसला. टीमला डिफेन्सची शिस्त त्याने लावली आणि केरने ते श्रेय त्याला उघडपणे दिलं. पण त्याच्या शेवटच्या हंगामात वॉरियर्स मॅचमागे पास देण्यात लीगमध्ये तळाला होते. हातात करीसारखा माणूस आणि बाकीचे चौघे उभे राहून बघताहेत! केरने पोरांना आकडाच दिला: मॅचमागे ३०० पास. पहिल्याच वर्षी ६७ विजय आणि ४० वर्षांनी विजेतेपद. पदार्पणात विजेतेपद मिळवणारा कोच १९८२ च्या पॅट रायलीनंतर झाला नव्हता.

त्याची स्वतःची अशी पद्धत काय?

बरीचशी उसनी, आणि तो ते लपवत नाही. फिल जॅक्सन आणि टेक्स विंटरच्या ट्रँगल या त्रिकोणी रचनेतली कोपऱ्यातली हालचाल, पॉपोविचकडचं फिरतं आक्रमण, डी’अँटोनीचा वेग. ज्याला फिनिक्समधून जाऊ दिलं त्याचीच युक्ती पुढे वापरली. जेन्ट्रीलाही पहिल्या वर्षी मदतनीस म्हणून घेतलं. सगळ्यात सोपी खूण सांगतो: पास दिल्यावर करी काय करतो ते बघा. तो थांबत नाही, लगेच कुणाच्या तरी स्क्रीनमागे (बचावपटूची वाट अडवून उभ्या सहकाऱ्यामागे) पळतो. बॉल त्याच्या हातात नसतानाही दोन बचावपटू त्याच्यामागे, आणि इकडे बास्केटखाली भलताच मोकळा.

२०१४ च्या उन्हाळ्यात तो सिएटलला पीट कॅरोल या अमेरिकन फुटबॉलच्या कोचकडे गेला होता. कॅरोलने विचारलं, टीमला कोचिंग कसं करणार? केर डावपेच सांगायला लागला. कॅरोलला ते नकोच होतं. रोजचा दिवस तुमच्याकडे कसा असेल, असं त्याला विचारायचं होतं. त्यातून केरने चार शब्द पक्के केले: आनंद, सजगता, करुणा, स्पर्धा. भिंतीवर चिकटवायच्या तक्त्यासारखं वाटतं, कबूल. पण सरावाला मोठ्याने गाणी लावायची पद्धत तिथे खरंच आहे.

२०१५ च्या फायनलमध्ये त्याने काय बदल केला होता?

क्लीव्हलँड २-१ ने पुढे होतं आणि लेब्रॉन जेम्स थांबत नव्हता. केरचा एक तरुण सहायक, निक यूरेन, आदल्या वर्षीच्या स्पर्सच्या मॅच बघत बसला होता. रात्री त्याने सुचवलं की धिप्पाड सेंटर अँड्र्यू बोगटला बसवा आणि आंद्रे इगुडालाला पहिल्यापासून खेळवा. केरने ऐकलं. पत्रकारांना मात्र टीम बदलणार नाही असं सांगितलं आणि नंतर थापेची कबुली दिली. वॉरियर्सनी पुढच्या तिन्ही मॅच जिंकल्या आणि फायनलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला इगुडाला.

यातली खरी गंमत हंगामाच्या सुरुवातीची आहे. इगुडाला कारकिर्दीत ७५८ मॅच खेळला होता आणि सगळ्याच्या सगळ्या सुरुवातीपासून. केरने येताच त्याला बाकावर बसायला सांगितलं. बाकावर बसण्यात कमीपणा नाही, हे ९१० पैकी ८८० मॅचना बाकावरून उठलेल्या माणसाने सांगितलं, म्हणून ते पचलं असं मला वाटतं.

७३-९ चा (७३ विजय, ९ पराभव) विक्रम त्याच्या नावावर का? निम्मा हंगाम तर तो नव्हता.

नियमाने मुख्य कोचच्या नावावर विजय जातात. २०१५ च्या उन्हाळ्यात पाठीची शस्त्रक्रिया बिघडली, मणक्यातला द्रव झिरपायला लागला, डोकेदुखीने त्याला उभं राहवेना. ल्यूक वॉल्टनने ४३ मॅच सांभाळल्या आणि त्यांतल्या ३९ जिंकल्या. सुरुवातीच्या सलग २४. केर जानेवारीत परतला. वर्षाचा सर्वोत्तम कोच हा मान मिळाला तेव्हा त्यालाच ओशाळल्यासारखं झालं होतं. ७२-१० च्या बुल्समध्ये तो खेळाडू होता आणि तो विक्रम मोडणाऱ्या टीमचा कोच. पण फायनलमध्ये ३-१ ची आघाडी घालवून हरले. जिंकणाऱ्या क्लीव्हलँडचा कोच टायरन लू, तोही एके काळचा राखीव गार्ड!

२०१७ च्या प्लेऑफमध्ये दुखणं उलटलं. माइक ब्राऊनने ११ मॅच सांभाळल्या, अकराही जिंकल्या, आणि केर फायनलच्या दुसऱ्या मॅचला परत आला.

खेळाडूंनीच कोचिंग केल्याची गोष्ट काय आहे?

१२ फेब्रुवारी २०१८, फिनिक्सविरुद्ध. टीम जिंकत होती पण कंटाळलेली; केरचा आवाज पोरांच्या कानांवरून जात होता. त्याने टाइमआउटचा बोर्ड आणि पेन खेळाडूंच्या हातात देऊन टाकलं. इगुडाला डाव काढतोय, ग्रीन ओरडतोय, डेव्हिड वेस्ट बोर्डवर वाकलाय आणि मुख्य कोच मागे हात बांधून उभा. १२९-८३ ने जिंकले. प्रतिस्पर्ध्यांना हा अपमान वाटला आणि त्यांच्या जागी मी असतो तर मलाही वाटला असता. केरचं म्हणणं, ही टीम त्यांची आहे.

आणि तो झाडूचा विनोद?

केविन ड्युरंट आल्यावर वॉरियर्सनी २०१७ मध्ये क्लीव्हलँडला ४-१ ने आणि २०१८ मध्ये ४-० ने हरवलं. इंग्रजीत ४-० ला झाडून काढणं म्हणतात. म्हणजे केरने केर काढला. झालं, संपला विनोद.

मग घसरण कशी झाली? आणि २०२२?

२०१९ च्या फायनलमध्ये ड्युरंटचा घोट्यामागचा स्नायुबंध तुटला, थॉम्पसनचा गुडघा गेला, टोरंटो जिंकलं. ड्युरंट टीम सोडून गेला, पुढच्या हंगामात करीचा हात मोडला आणि १५ विजय, ५० पराभव. तळ. तिथून २०२२ मध्ये बोस्टनला ४-२ ने हरवून परत विजेते. मला विचाराल तर चारांतलं हे सगळ्यात मोलाचं, कारण यात सरस टीम घेऊन उतरल्याचा आरोप कुणी करू शकत नाही.

ग्रीनने पूलला मारलं तेव्हा केरने पुरेसं कडक धोरण घेतलं का?

माझ्या मते नाही. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये सरावात ड्रेमंड ग्रीनने जॉर्डन पूलला ठोसा मारला आणि त्याची चित्रफीत सगळ्या जगाने पाहिली. केरनेच म्हटलं की त्याच्या काळातलं हे सगळ्यात मोठं संकट. तरी शिक्षा दंडावर भागली. ग्रीन पहिल्या मॅचपासून खेळला. पूलचा खेळ आणि चेहरा दोन्ही वर्षभर उतरलेले राहिले आणि २०२३ च्या उन्हाळ्यात त्याला दुसरीकडे पाठवलं.

१९९५ ची गोष्ट केर हसत सांगतो, कारण पुढे सलग तीन वर्षं ते जिंकले आणि ठोसा खाणारा तो स्वतः होता. शिवाय तेव्हा सरावात कॅमेरा नव्हता. फिल जॅक्सनने निदान जॉर्डनला त्याच क्षणी दार दाखवलं होतं.

ऑलिम्पिकमध्ये त्याच्यावर टीका का झाली?

२०२३ च्या विश्वचषकात त्याची अमेरिकन टीम चौथी आली, हे आधीचं ओझं. पॅरिसमध्ये लेब्रॉन, ड्युरंट, करी असा सगळा दरबार होता. तरी उपांत्य सामन्यात सर्बियाने चौथ्या क्वार्टरच्या सुरुवातीला १३ गुणांची आघाडी ठेवली होती. करीच्या ३६ गुणांवर ९५-९१ ने निसटले. फायनलला फ्रान्सविरुद्ध ९८-८७, करीच्या आठ थ्री. टीका झाली ती जेसन टेटमवरून. नुकताच एनबीए जिंकलेला हा खेळाडू सर्बियाविरुद्धच्या दोन्ही मॅचमध्ये एक मिनिटही उतरला नाही. त्याला न खेळवून मलाच मूर्खासारखं वाटलं, असं केर म्हणाला. बाकावरच्या माणसाची कळ जाणणाऱ्याकडूनही असं होतं. बारा जणांत मिनिटं दोनशेच असतात.

तो राजकारणावर इतकं का बोलतो?

बंदुकीच्या विषयाचं कारण वर येऊन गेलं. २४ मे २०२२ ला टेक्ससमधल्या उवाल्डे इथे शाळेत मुलांची हत्या झाली. त्याच संध्याकाळी त्याच राज्यात, डॅलसला त्याची मॅच होती. पत्रकार परिषदेत बास्केटबॉलवर बोलायला नकार देऊन त्याने टेबलावर हात आपटला आणि सिनेटरांना जाब विचारून निघून गेला. मात्र २०१९ मध्ये हाँगकाँगवरून चीन आणि एनबीएची जुंपली तेव्हा त्याने विषय टाळला. लोकांनी दुटप्पीपणा म्हटलं, आणि पुढे त्याने आपलं चुकल्याचं मान्य केलं.

गार्ड असला की चांगला कोच होतो, असं काही आहे का?

यादी तशी दिसते: लेनी विल्किन्स, के. सी. जोन्स, डॉक रिव्हर्स, जेसन किड. वॉरियर्सचाच अ‍ॅल अ‍ॅटल्स, ज्याच्या नावावर फ्रँचायझीचे ५५७ विजय होते. केरने २०२५ मध्ये तो आकडा ओलांडला. गार्डला बॉल हातात घेऊन चार माणसांचं बघायची सवय असते. पण मॅजिक जॉन्सनने १९९४ मध्ये लेकर्सच्या १६ मॅच सांभाळल्या आणि ११ हरल्या. पॉपोविच तर एनबीएत खेळलाच नाही. ज्याला सगळं सहज जमत होतं, त्याला दुसऱ्याला का जमत नाही ते कळायला वेळ लागतो, एवढंच म्हणता येईल.

आपल्याशी काही धागा?

आहे, जरा वळणाचा. २०१० मध्ये वॉरियर्स विकत घेणाऱ्या गटात मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे होते. केर यायच्या आधीच, २०१३ मध्ये, त्यांनी तिथला वाटा सोडून सॅक्रामेंटो किंग्ज घेतली. हीच किंग्ज ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये इंडियाना पेसर्सशी दोन मॅच खेळली, भारतातल्या पहिल्या एनबीए मॅच. तेव्हा किंग्जचा कोच होता ल्यूक वॉल्टन, केरच्या आजारपणात ३९ मॅच जिंकून देणारा. पुढे त्याच खुर्चीत माइक ब्राऊन येऊन बसला. केरचे दोन्ही बदली कोच रणदिव्यांनी कामाला ठेवले!

त्याची एकच मॅच बघायची तर कोणती?

१९९७ ची सगळे सांगतील. मी २९ मे २००३ ची सांगतो: डॅलस, परिषदेच्या फायनलची सहावी मॅच. नेहमीचा गार्ड टोनी पार्करचं पोट बिघडलेलं, स्पर्स १३ गुणांनी मागे, आणि ३७ वर्षांचा केर त्या मालिकेत तोवर जवळजवळ खेळलेलाच नाही. पॉपोविच त्याला उठवतो. चार थ्री घेतो, चारही आत. स्पर्स ओळीने २३ गुण करतात आणि ९०-७८ ने जिंकतात. बघताना बॉलकडे बघू नका, त्याच्या पायांकडे बघा. पास हातात यायच्या आधीच ते बास्केटच्या दिशेने वळलेले असतात.